वाडीतली जागा तुम्ही दिली नाहीत

अहो,

काल ग्रामपंचायतीसमोर तुमची शोकसभा झाली. मंडप घातला होता, तुमच्या फोटोला हार होता. तो फोटो तुम्हाला कधीच आवडला नव्हता, पण थोरल्याने घाईत तोच काढून दिला. एकामागून एक माणसं उठली. नळपाणी योजना झाली, शाळेच्या नव्या खोल्या झाल्या, रेल्वे फाटकापासून पाड्यापर्यंतचा रस्ता झाला. ज्यांनी तुम्हाला निवडणुकीत पाडलं तेही बोलताना थांबले, डोळे पुसले, आणि ते खोटं नव्हतं. मी जवळून बघत होते. सगळे तुमच्याबद्दल भरभरून बोलले आणि चैतीचं नाव कोणी घेतलं नाही.

मी बायकांत बसून वाट बघत होते. आता कोणीतरी घेईल, मग कोणीतरी घेईल. शेवटी आभार मानले गेले (शोकसभेतही आभार मानतात, तुम्ही असतात तर घरी येऊन हसला असतात) आणि माणसं चहाला उठली. तेव्हा कळलं की ते नाव आता मलाच घ्यावं लागणार. आणि ते घ्यायचं तर तुमच्याशी भांडावं लागणार, कारण त्या दिवसाबद्दल तुमचं-माझं कधी पटलंच नाही. तुमच्या चितेची राख अजून निवली नाही आणि बायको भांडायला बसली, असं लोक म्हणतील. म्हणू देत. लोकांच्या म्हणण्याचं तुम्ही कधी मनावर घेतलं नाहीत, मी तरी आता कशाला घेऊ?

चैती कोण, हे आज गावातल्या तरुण मुलांना सांगावं लागेल. रेल्वेच्या पलीकडच्या पाड्यातली ती वारली बाई, आपल्या वाडीतल्या पानवेलींची कामं करायला यायची. वेल चढवायची तर हात हलका लागतो, जोर केला की शेंडा मोडतो. तिचा हात तसा होता. तुम्ही सरपंच, तुमचे दिवस पालघरच्या कचेऱ्यांत जायचे, मी शाळेत. वाडीत खरी तीच असायची. तिचा नवरा देवजी पावसाळा संपला की वीटभट्टीवर किंवा मिठागरात जायचा आणि येताना रिकामा यायचा, नाहीतर पिऊन यायचा. मग एका वर्षी त्या दोघांनी आपला देव बदलला. सफाळ्याकडून एक प्रार्थना घेणारा माणूस यायचा, दर रविवारी त्यांच्या झोपडीत चार माणसं बसून गाणी म्हणायची.

मी जरा खवचटपणेच विचारलं होतं तिला, "काय गं चैती, देव बदलून काय मिळालं?"

वेलीला गाठ मारता मारता ती म्हणाली, "बाई, पयले मी लई भियाची. कोंबडं द्यायचं चुकलं का भियाची, पोर खोकलं का भियाची. आता नाय भियत."

"आणि देवजी?"

"त्याची बाटली सुटली." एवढं बोलून ती जी हसली! पोरगी तिच्या पाठीला बांधलेली होती, आई हसली म्हणून तीही हसायला लागली.

संध्याकाळी मी ते तुम्हाला सांगितलं. वर मीच म्हणाले, "एका देवाची भीती गेली, आता दुसऱ्याची येईल." तुम्ही देवापुढची समई लावत होतात. वळून न बघता म्हणालात, "येऊ दे. ती तिची तिनं निवडलेली असेल."

देवाच्या बाबतीत आपलं घर कसं होतं हे बाहेर कोणाला फारसं ठाऊक नव्हतं. मी हात जोडायचे ते घरात कुरबुर नको म्हणून. तुम्ही मात्र मनापासून मानायचात. सोवळं नेसून पूजा केल्याशिवाय चहा नाही, संकष्टीचा उपास चुकला नाही, आणि गावदेवीच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा तुमचा, तुमच्या आधी तुमच्या वडिलांचा. त्यामुळे पुढे जे झालं ते तुमच्यासारख्या माणसाने केलं, याचाच गावाला जास्त राग आला. माझ्यासारखीने केलं असतं तर 'बाईंचं डोकं पुस्तकी आहे' म्हणून सोडून दिलं असतं.

पाड्यात कुरबुर तर आधीपासून होतीच. रावजी भगत एकदा आपल्या ओटीवर आला होता, आठवतं? पाड्याचं देवाचं सगळं तोच बघायचा. तुम्ही त्याला खाली बसू दिलं नाहीत, झोपाळ्यावर शेजारी बसवलं. तो म्हणाला, "भाऊ, आमचा देव एकल्याचा नाय. आमी सगला पाडा मिलून त्याला जेवाया घालतो. यांची दोन घरा उठली. पंगतीतून मानूस उठला का बाकीच्यांना घास जातो का?"

तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "त्याचं म्हणणं खोटं नाही. उद्या माझा थोरला म्हणाला, मी तुमचा गणपती मानत नाही, तर मला लागेल. लागायलाच पाहिजे. पण लागलं म्हणून मी त्याचं पाणी तोडणार नाही." मी म्हटलं, पाणी कोणी तोडलंय? तुम्ही म्हणालात, "अजून नाही."

मग भातकापणीचे दिवस आले. दिवाळीची सुट्टी लागली होती, ऊन असं की बांधावर पाय ठेववत नव्हता. कापणी करताना चैतीला पान लागलं, साप चावला. मण्यार होती म्हणतात. कोणाची तरी जीप मिळाली, पालघरला नेलं, पण पोचायच्या आधीच ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा वगैरे होऊन तिला परत आणलं आणि पाड्याच्या मसणवटीकडे न्यायला निघाले, तर वाटेवर माणसं उभी.

पुढे रावजी. त्याच्या मागे पाड्यातले लोक. आणि त्यांच्याही मागे आपल्या गावठाणातले पुढारी आणि बोईसरहून मोटारसायकलवर आलेले, गावाने कधी न पाहिलेले दोघंतिघं. ज्यांनी आयुष्यभर पाड्यातल्या माणसाला ओट्यावर चढू दिलं नव्हतं ते त्या सकाळी पाड्याच्या देवाचे कैवारी झाले होते. ज्यांनी देव सोडला त्यांना आमच्या मातीत जागा नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. तिरडी ऐनाच्या झाडाखाली ठेवली. शेजारी चैतीची आई लखमी बसली. लखमीने देव बदलला नव्हता. ती जुन्याच देवांची होती. पाड्यातली बहुतेक माणसं तिच्या नात्यातलीच आणि तीच माणसं तिच्या लेकीची वाट अडवून उभी.

दुपारी देवजी आपल्या दारात आला. मी त्याला पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं. तुम्ही बाहेर आलात. तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या वाडीच्या कडेला, वहाळाजवल, जागा हाय. ती द्या. भांडान नको. मानूस तापतंय तिथं."

मी तर मनात म्हटलं, झालं, सुटलो. त्या जागेत काही होत नव्हतं, नुसता केवडा माजला होता. ती बाई तिथेच आपल्या वेलींना पाणी घालायची. याच्याहून चांगली जागा कुठली?

आणि तुम्ही म्हणालात, "नाही, देवजी."

तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "वाडी माझी आहे. मी दिली तर ती माझी मेहरबानी होईल. चैती या गावची आहे. तिची जागा गावात आहे, माझ्या कुंपणात नाही. तू थांब, मी तहसीलदारांना बोलावलंय."

मी तुम्हाला आत बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वयंपाकघराचं दार लावून तुमच्याशी बोलले. "अहो, तुम्हाला कळतंय का? ती उघड्यावर पडली आहे. माशा बसतायत. त्याला आपल्या बायकोला माती द्यायची आहे आणि तुम्ही त्याला घटना शिकवताय?"

"मालती, आज मी जागा दिली तर उद्या दुसरा मेला की परत माझ्याच वाडीत. परवा माझ्यानंतर कोण देणार? मग म्हणतील, यांची मसणवट वेगळी, यांची विहीर वेगळी, यांचं रेशन वेगळं. एकदा वेगळं काढलं की परत मिसळत नाही."

"ते तुमचं खरं असेल. पण आज त्याची बायको मेली आहे. तुमचं खरं त्याच्या बायकोच्या प्रेतावर कशाला सिद्ध करता?"

तुमचा चेहरा उतरला होता हे मला दिसलं, पण तुम्ही दार उघडून गेलात. मीही मागून आले. मसणवटीच्या बाजूला शेताचा बांध होता, त्यावर उभी राहिले. बाई इथे कशाला आल्या, असं दोघंतिघं म्हणाले, मी तिथून हलले नाही.

तहसीलदार उतरत्या उन्हात आले, सोबत पोलिसांची गाडी. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत दोन्हीकडचं ऐकून घेतलं, मग तुम्हाला बाजूला घेतलं. पण बांध जवळ होता, मला ऐकू येत होतं. म्हणाले, "सरपंच, तुमची वाडी आहे ना जवळच? देऊन टाका कोपरा. माणुसकीचं काम होईल आणि विषय मिटेल."

तुम्ही म्हणालात, "देतो, साहेब. फक्त एवढं लिहून द्या, की या बाईला गावच्या मसणवटीत जागा नाकारली आहे, कारण ती प्रार्थनेला वेगळीकडे बसत होती. खाली सही करा. मी आत्ता खड्डा खणायला घेतो."

साहेबांनी रुमाल काढून परत घाम पुसला. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, अहो. वीस मार्कांचा विषय. विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना, हे मुलांकडून घोकून घ्यायचे, गाळलेला शब्द लिहा म्हणायचे. ती ओळ कोणी घामेजलेल्या अंगाने, मसणवटीच्या वाटेवर, एका माणसाला विचारू शकतं हे मला त्या दिवशी बघायला मिळालं. आणि मी तुमच्यावर त्या वेळी इतकी चिडलेली होते की मला त्याचा अभिमानही धड वाटू शकला नाही.

साहेबांनी सही केली नाही. करणारच नव्हते. ते माणसांकडे वळले आणि म्हणाले, ही जागा सरकारी आहे, गावातल्या कोणाचीही वाट कोणाला अडवता येणार नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "सरपंच बाटला!" तुम्ही आवाजाच्या दिशेने म्हणालात, "उद्या माझी संकष्टी आहे. चंद्र बघून जेवतो. खात्री करायची असेल तर ये घरी, मोदक खाऊन जा." काही माणसं हसली. हसायची नव्हती, पण हसली.

रावजी मात्र हसला नाही. तुमच्या समोर येऊन म्हणाला, "पोलीस हायती म्हनून हटतो, भाऊ. मनानं नाय हटलो."

"मनानं हटायला मी सांगितलंच नाही, रावजीभाऊ. वाट द्या, एवढंच."

त्याने वाट दिली.

पण तेवढ्यावर संपलं नाही, आणि पुढचं फारसं कोणाला माहीत नाही. खड्डा खणून झाला तेव्हा लखमी पुढे आली. पदरात तांदूळ होते. लेकीच्या तोंडात तांदूळ घालायचे, त्यांच्यात गेलेल्या माणसाला असाच निरोप देतात. तर तो सफाळ्याचा प्रार्थना घेणारा माणूस आडवा आला. "ताई, हिने ते सगळं सोडलं होतं. आता ते करू नका." त्याचा आवाज मऊ होता, पण हात लखमीच्या वाटेत होता.

लखमी म्हणाली, "देव तिनं बदलला. आई नाय बदलली."

तुम्ही त्या माणसाकडे गेलात. सकाळपासून ज्याच्या बाजूने तुम्ही अख्ख्या गावाशी वाकडं घेतलं होतं, त्यालाच म्हणालात, "भाऊ, हात काढा. या म्हातारीलाही तिच्या रीतीने निरोप द्यायचा हक्क आहे. तुम्ही तुमची प्रार्थना करा, ती तिचे तांदूळ घालील." तो देवजीकडे बघायला लागला. देवजीने मान हलवली. लखमीने तांदूळ घातले आणि मग तिने जो टाहो फोडला, अहो, तो अजून माझ्या कानात आहे. त्यातच त्या चार माणसांनी आपलं गाणं म्हटलं. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं आणि पोलीस टोप्या काढून उभे होते.

देवजी रडला नाही. तो सारखा मागे वळून बघत होता. माणसं परत येतील, माती उकरतील, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं.

त्यानंतरचं आपण दोघांनी मिळून सोसलं, पण सोसलं तुम्हीच जास्त. पुढच्या निवडणुकीत तुम्ही पडलात, त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. "आता तरी सकाळी सुपाऱ्या मोजायला वेळ मिळेल," म्हणालात. लागलं ते जत्रेचं. गावदेवीच्या पालखीला खांदा द्यायला तुम्ही नेहमीसारखे धोतर नेसून गेलात आणि तुमच्या जागी दुसरा माणूस आधीच उभा होता. कोणी तुम्हाला हटवलं नाही, फक्त जागा भरून टाकली. तुम्ही घरी आलात, धोतर सोडून घडी करून पेटीत ठेवलंत. मी म्हटलं, "चला, मी पण येते, आपण गर्दीतून बघू पालखी." तुम्ही आलात. गर्दीत उभे राहून हात जोडलेत. देवीवर तुम्ही रुसला नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं, आणि अजून वाटतं. मी असते तर रुसले असते.

देवजीचं काय झालं ते तर तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. मसणवट मिळाली, पण पाड्यात त्याच्याशी कोणी बोलेना. कापणीला हात देईना. लखमी तेवढी नातीला घेऊन जायची-यायची. वर्ष-दीड वर्षात त्याने घर मोडलं आणि पोरीला घेऊन बोईसरला गेला, औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे लागला. तुम्ही त्याला भेटायला गेला होतात. परत आलात तेव्हा म्हणालात, "चाळीत सगळ्या मुलखाची माणसं आहेत. हिंदी बोलतो आता देवजी. म्हणतो, इथं कोणी देव विचारत नाय, पाळी कुठली एवढंच विचारतात."

त्या रात्री जेवताना मी परत तोच विषय काढला. "मिळालेला हक्क घेऊन तो गावात राहू शकला का? नाही ना? मग त्या दुपारी वाडीत जागा दिली असती, तर निदान शांतपणे रडला तरी असता."

तुम्ही म्हणालात, "तो गेला याचं दुःख मला तुझ्याहून कमी नाही."

"दुःखाचं नाही विचारत. चुकलं का, ते विचारते."

"नाही चुकलं."

"मग मी म्हणते ते चूक?"

"तेही नाही."

असं कसं, म्हणून मी तणतणले होते. दोघंही बरोबर असं कधी असतं का? शाळेत असं उत्तर लिहिलं तर मी शून्य देते. तुम्ही ताट घेऊन उठलात. मग वर्षानुवर्षं ते भांडण असंच चाललं. कधी कुठे काही वाचलं की मी तो विषय काढायचे, कधी तुम्ही. मुंबई पेटली त्या हिवाळ्यात तर तुम्ही स्वतःहून म्हणालात, "मालती, तेव्हा तू म्हणालीस तसं केलं असतं तर?" मी दचकले. मला वाटलं होतं मी जिंकायची वाट बघत होते. पण तुम्हाला तसं विचारताना पाहिलं तेव्हा मला ते मुळीच नको होतं.

आणि मग गेल्या वर्षीची ती गोष्ट. पाड्यात प्रार्थनेला बसणारं जे दुसरं घर होतं, त्यातला म्हातारा गेला. मला सफाळ्याच्या बाजारात कळलं, घरी येऊन सांगितलं. तुम्हाला तेव्हा चालताना धाप लागायला लागली होती, जेवण निम्म्यावर आलं होतं. तुम्ही विचारलंत, "कुठे पुरला?"

"मसणवटीत. चैतीच्या बाजूलाच."

"पोलीस?"

"कोणी नव्हतं. कशाला येतील?"

"रावजी?"

"होता. माती टाकली म्हणे त्याने."

तुम्ही बराच वेळ भात चिवडत बसलात. मग ताट पुढे केलंत आणि म्हणालात, "आमटी वाढ." त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवलात. त्याबद्दल आपण एक शब्द बोललो नाही. बोलायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं की, अहो, झालं. ज्याच्यासाठी तुम्ही ती दुपार तशी घालवलीत ते झालं, कोणाला कळलंही नाही इतकं सहज झालं. पण मी आमटी वाढली आणि मीठ पुरे आहे का विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात माणसं असंच बोलतात बहुतेक.

आता मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते सांगते, ज्यासाठी मी खरं तर बसले.

तुम्ही गेल्यावर पाचव्या की सहाव्या दिवशी देवजी आला. कोणाकडून तरी कळलं, पाळी बदलून घेतली आणि आला. सोबत लेक होती. सारा नाव तिचं, बारावीला आहे, उंचीला आईवर गेली आहे. केस पांढरे झालेत देवजीचे. ओटीवर बसला. भटजी आत काहीतरी सांगत होते, सुना धावपळीत होत्या. मी त्याच्या समोर जाऊन बसले आणि त्याला ते विचारलं, जे मी तुम्हाला इतकी वर्षं विचारत होते आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

"देवजी, त्या दिवशी भाऊंनी वाडीत जागा दिली असती तर बरं झालं असतं का रे?"

साराने त्याच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "बाई, त्या दिसी मला भाऊंचा लई राग आलेला. रावजीचा आला नाय तेवढा. रावजी तर विरोधातलाच. भाऊ आपला, आनि तोच नाय म्हनतो. मी बोईसरला गेलो तवा मनात राग घेऊनच गेलो."

"मग?"

"मग ही मोटी झाली. इचारायची, माजी आय कुटं हाय. मी सांगायचा, गावात हाय, आपल्या मसनवटीत. हिला घेऊन यायचा, दाखवायचा. कोनाला इचारावं लागलं नाय कदी, का आत येऊ का. तुमच्या वाडीत असती तर मला सांगावं लागलं असतं, तुजी आय भाऊंच्या वाडीत हाय."

मला वाटलं, तुम्ही आतल्या खोलीत आहात आणि ऐकताय. हाक मारावी असं वाटलं, इतकं.

पण अहो, तो तेवढ्यावर थांबला नाही आणि मी अर्धंच सांगितलं तर ती लबाडी होईल. लेक पाणी प्यायला आत गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "पन बाई, त्या दिसी मला रडता आलं नाय. सगले बघत व्हते, पोलीस व्हते. नंतर रडू म्हनलं. नंतर पन नाय आलं. अजून नाय आलं."

म्हणजे तुम्ही बरोबर होतात. आणि मीही. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, मीच मानलं नाही.

तो निघताना साराने वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, तुमच्यात चालतं का हे? ती म्हणाली, "मोठ्यांना चालतं." मी तिला पोटाशी धरलं आणि मग मला जे रडू आलं ते तुमचं होतं की चैतीचं की त्या न रडलेल्या माणसाचं, मला वेगळं काढता आलं नाही. देवजी पायरीवर पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते असं मला वाटलं. मी बघितलं नाही. त्याला एकट्याला सोडलं.

तुमचे दिवस झाले, पाहुणे गेले. घर आवरते आहे. मधेच कसल्यातरी कामात मी तुमच्याशी मोठ्याने बोलायला लागते आणि थोरली सून दारातून डोकावून जाते. तिला काळजी वाटते. काल तिने विचारलंच, "आई, कोणाशी बोलताय?"

मी म्हटलं, "भांडतेय."

"बाबांशी?"

"नाही गं. आता त्यांची बाजूही मलाच मांडावी लागते."